आत वळवलेली अक्षरं

होळी होऊन गेली की मी पोर्चमधल्या जुन्या मॉरिस गाडीखाली एक पुठ्ठा सरकवते. चादरीच्या खोक्याचा, आतली फिकट बाजू वर करून. सकाळी चहाच्या आधी तो बाहेर ओढायचा आणि तेलाचा डाग केवढा पडलाय ते बघायचं. थंडीत एक्सलमधलं तेल जडावलेलं असतं, जागचं हलत नाही. उन्हाळ्यात ते पातळ होतं आणि बाहेर पडायला वाट शोधतं. पंचवीस वर्षं हा डाग उजव्या मागच्या चाकाखाली, अगदी ठरल्या जागी पडत आला. यंदा पुठ्ठा कोरा आहे. गुढीपाडवा झाला, ऊन चढलं, गल्लीतली कुत्री गटारीच्या कडेला जाऊन झोपायला लागली, तरी कोरा. पण मी रोज वाकतेच. कोरा कागद बघून निश्चिंत व्हावं, हा माझा स्वभाव नाही.

स्वभाव संशयी आहे, हे आपणच सांगून टाकलेलं बरं. शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, आणि दर मार्चमध्ये परीक्षेच्या वर्गात पहारा केला. मुलगा छताच्या पंख्याकडे फार वेळ बघायला लागला की समजायचं, चिठ्ठी खाली आहे. फार सुंदर अक्षर काढत असेल तर समजायचं, वेळ काढतोय, शेजारच्याचं उत्तर अजून लिहून व्हायचंय. निवृत्त झाले, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. भाजीवालीच्या तराजूखाली मी बघते. नळाला चार दिवसांआड पाणी येतं तेव्हा कुणाची मोटर आधी सुरू झाली, ते मी कानांनी टिपते. पेपरात छापून आलेलं कालचं तापमान मला कायम दोन अंश कमी वाटतं. कुणीतरी दाबून ठेवत असणार.

हा वारसा वडिलांचा, अप्पांचा. अप्पा मूळचे दुधनीचे, सोलापुरात येऊन तूर-उडदाचा व्यापार करत. व्यवहार मराठीत करायचे आणि संशय कानडीत घ्यायचे. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की आमच्याकडे न बघता हळूच म्हणायचे, "नोडव्वा." बघ, पोरी. एवढंच. मग मी बघायची. समोरच्याची चप्पल, नखं, खिशाचा फुगवटा. अप्पा गेले त्याला सतरा वर्षं झाली, पण उन्हाळ्याच्या दुपारी दारावर कुणी आलं की तो शब्द अजून कानात येतो. अव्वा, माझी आई, चिडायची. "तुम्ही दोघं देवळात गेलात तरी पुजाऱ्याच्या हाताकडं बघता," म्हणायची. खरंच बघायचो.

मॉरिस अप्पांनी एका डॉक्टरांच्या घरातून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. बुटकी, गोलसर, सायीच्या रंगाची, समोरची काच मधोमध दुभागलेली. आत रेक्झिन आणि तुरीच्या डाळीचा मिसळलेला वास. शनिवारी आम्ही तिच्यातून दुधनीला जायचो, खिडकीतून ज्वारीची ताटं नाहीतर नुसती तापलेली काळी रानं बघत. अप्पा गाडी चालवताना रेडिओ लावू देत नसत. गाडी काय बोलते ते ऐकू आलं पाहिजे, म्हणायचे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात गाडी बोलायला लागली. मागच्या चाकांतून एक घरघर यायची, वेग वाढला की वाढायची. बेअरिंग गेली होती. तशी बेअरिंग तेव्हा इथं मिळत नव्हती असं नाही, पण अप्पांना मूळचीच हवी होती. त्यांनी मुंबईच्या एका नातेवाइकाला महिनोन्‌महिने पत्रं लिहून एक इंग्लिश जोडी मिळवली. तेलकट कागदात गुंडाळलेली ती दोन कडी अप्पांनी जेवणाच्या पाटावर ठेवली आणि आम्ही भोवती बसून पाहिली. एका अंगाला बारीक कोरलेली अक्षरं होती: मेड इन इंग्लंड. दुसरं अंग कोरं. अव्वानं एक बोटावर फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "आवाजच नाही की." अप्पा हसले. त्यांचं ते हसू मला अजून दिसतं. त्या उन्हाळ्यातलं ते शेवटचंच.

बसवायला राजय्यामामा आले. पूर्व भागातले, पद्मसाळी विणकरांच्या घरातले. घरी तेलुगू, आमच्याशी आमच्यासारखी मराठी. लहानपणापासून मागावर वाढलेले, मग मागांची दुरुस्ती, आणि तिथून हात जुन्या गाड्यांकडे वळलेला. शहरात ज्या पाचसहा जणांकडे असल्या म्हाताऱ्या गाड्या होत्या ते सगळे त्यांनाच बोलवायचे. कमी बोलायचे. नट सोडवायच्या आधी त्याला बोटानं टिचकी मारून ऐकायचे. अप्पा त्यांच्यावर विश्वास टाकायचे, म्हणजे अप्पांच्या मापानं. तरीसुद्धा दुकानाला निघताना मला पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसवलं आणि म्हणाले, "इंग्लिश माल आहे. नोडव्वा, नजर हलवायची नाही."

मी तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांची. शाळेला सुट्टी लागलेली. वैशाखातली दुपार, लिंबाचा बारीक फुलोरा वाळून बॉनेटवर पडलेला. गच्चीवर अव्वाच्या कुरडया वाळत होत्या, जुन्या धोतरावर ओळीनं मांडलेल्या. राजय्यामामांनी चाकं काढली, लाकडी ठोकळ्यांवर गाडी बसवली आणि काळ्या हातांनी काम सुरू केलं. मी खुर्चीत, मांडीवर पुस्तक, पण पान उलटत नव्हते. वर्गात बसते तशीच बसले होते.

आणि वावटळ आली. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती अशीच येते, रस्त्याच्या टोकाला धुळीचा खांब उभा राहतो आणि कुणाचं काही ऐकत नाही. गच्चीवरून अव्वा ओरडली, "कुरडया चालल्या गं!" मी उठले आणि जिना चढून गेले. धोतराची दोन टोकं तिनं धरली, दोन मी. धूळ बसल्यावर मी कठड्यावरून खाली वाकले. पहारा सोडून आल्याची टोचणी लागली होती. खाली राजय्यामामा काहीतरी जड, गोल, कापडात गुंडाळत होते. गुंडाळून त्यांनी ते आपल्या जेवणाच्या पिशवीत ठेवलं.

एवढंच मी पाहिलं. संध्याकाळी अप्पा आल्यावर तेवढंच सांगायला हवं होतं. पण मी आणखी एक वाक्य सांगितलं. म्हटलं, "पिशवीत टाकताना त्यांनी इकडेतिकडे बघितलं." हे वाक्य मी पाहिलेलं होतं की रचलेलं, ते पुढं कित्येक वर्षं मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. जागेवरून उठल्याची चूक त्या वाक्यानं जरा झाकली गेली, एवढं मात्र खरं. नजर हलवली ती मी, आणि चोरटी ठरली त्यांची.

अप्पांनी ऐकून घेतलं. घरघर थांबली होती, गाडी छान चालत होती. पण महिन्याभरानं, दुधनीला चुलतबहिणीच्या लग्नाला जायच्या आधी, ते गाडी अक्कलकोट रस्त्यावरच्या कुठल्याशा मेकॅनिककडे घेऊन गेले आणि उजवं चाक उघडून घेतलं. रात्रीचं ताट पुढं आल्यावर म्हणाले, "कोरं आहे. अक्षर नाही एकही. आपली गेली." त्यानंतर थोड्याच दिवसांत उजव्या चाकाखाली तेलाचा पहिला डाग पडला, तेव्हा अप्पांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बघ. लोकल माल. गळणारच." आमच्या दृष्टीनं तिथं निकाल लागला.

राजय्यामामांना ते काहीच म्हणाले नाहीत. तोंडावर भांडण ही आमच्या घरची रीत नव्हती. आमची रीत म्हणजे दुसऱ्याला सांगणं. जुन्या गाड्या बाळगणारे पाचसहाच होते, त्यांच्याकडे अप्पांनी एकेकदा चहा घेतला. बस्स. त्या दसऱ्याला राजय्यामामा दरवर्षीसारखं सोनं द्यायला आले. अप्पा आतल्या खोलीत होते. अव्वा दारात जाऊन म्हणाली, घरी नाहीत. मी पडद्याआडून पाहत होते. त्यांनी आपट्याची पानं मॉरिसच्या बॉनेटवर ठेवली, पानं उडू नयेत म्हणून त्यावर एक खडा ठेवला, आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत. पानं दोन दिवस तिथंच वाळली. कुणी उचलली ते मला आठवत नाही.

गेल्या वर्षी, पुन्हा वैशाखातच, घरघर परत आली. शिवाय ब्रेक. उजव्या चाकातलं तेल ब्रेकवर पसरलं होतं. रेल्वेपुलाच्या उतारावर गाडी थांबता थांबेना, एका भेळवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर ती थांबली. भेळवाला म्हणाला, "मावशी, म्युझियमात ठेवा की तिला." त्याच आठवड्यात पुण्याच्या एका हौशी गृहस्थांचा फोन आला. गाडी विकत घ्यायची होती. मागची बेअरिंग मूळची आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाहीत. एका मेकॅनिकनं चोरली." किती सहज म्हटलं. ज्या माणसाचं तोंड पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं, त्याला मी एका अनोळखी माणसापुढं पुन्हा चोर ठरवलं, आणि फोन ठेवून कलिंगड कापायला घेतलं.

दोन गॅरेजवाल्यांनी गाडीला हात लावायला नकार दिला. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी तुंबा, ओढून काढायला लागणारा पुलरच नाही म्हणाले. तिसरा जरा वयस्क होता. तो म्हणाला, "मॅडम, ह्या गाडीचा पुलर सोलापुरात एकाच माणसाकडं हाय. राजय्यामामाकडं. पण ते आता गाड्या करत न्हाईत."

मी त्यांच्याकडे गेले ते माफी मागायला नाही, हे स्पष्ट सांगते. पुलरसाठी गेले. वाटेत मनात हेही होतं की पुलर मागावा, माणूस नको. पण पुलर त्यांच्या हातातून सुटेना. त्यांनी तो भिंतीवरून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, "हा दुसऱ्याच्या हातात देत न्हाय मी. मीच येतो. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत." मागाच्या एका जुन्या दातेरी चाकापासून त्यांनी तो स्वतःच बनवलेला होता. तीन पाय आणि मधे स्क्रू.

आले तेव्हा हातात तीच कापडी पिशवी. तीच कशी असेल, पण मला तीच वाटली. पंच्याहत्तरीचे झालेले, केस पांढरे, बोटं मात्र तशीच. मी पोर्चमध्ये खुर्ची टाकली आणि बसले. या वेळी मी काहीही झालं तरी उठणार नव्हते. मोबाइल आत ठेवला होता. गच्चीवर काहीही वाळत घातलं नव्हतं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बसा की अक्का. बघायलाच बसा," ते म्हणाले. त्यात टोमणा होता का, हे मी कितीतरी वेळ ठरवत राहिले.

उजवं चाक निघालं, ब्रेकचा ड्रम निघाला. आत सगळं काळं, ओलं. त्यांनी एक स्क्रू सोडवून अडीच फुटांचा लोखंडी दांडा अलगद बाहेर ओढला. दांड्याच्या तबकडीला, हबच्या तोंडाला चिकटलेलं पॅकिंग होतं, म्हणजे तेल बाहेर येऊ नये म्हणून मधे घालायचा कागद. त्यांनी ते नखानं सोडवलं, उजेडात धरलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे माझं न्हाय," ते म्हणाले आणि माझ्या हातात दिलं.

मी मनात हसले. आरोप व्हायच्या आधीच नाकारणारी मुलं मी पुष्कळ पाहिली होती. पण हातातला कागद कागद नव्हता. जाड कार्ड होतं, दुहेरी घातलेलं, तेलानं पारदर्शक झालेलं. त्यावर छापील अक्षरं दिसत होती. वधूचं नाव अर्धं कापलेलं, पण मला ते पुरेसं होतं. दुधनीच्या चुलतबहिणीची लग्नपत्रिका. राजय्यामामांनी काम केलं त्यानंतर छापून आलेली. आमच्याच घरी आलेल्या गठ्ठ्यातली, अप्पांनी गावभर वाटायला गाडीत ठेवलेली.

"पत्रिकेचं पॅकिंग कुणी करतंय व्हय?" राजय्यामामा म्हणाले. "बेअरिंग कागदापेक्षा केसभर वर राहायला पायजे. मग ही तबकडी त्याला दाबून धरती. हितं पत्रिका जाड, बेअरिंग खाली. धरायलाच कुणी न्हाय त्याला. मग ते आतल्या आत फिरणार, तेल गळणार, अन्‌ आवाज करणार."

म्हणजे त्या अक्कलकोट रस्त्यावरच्या मेकॅनिकनं. म्हणजे अप्पांनी. आधी तपासणी, मग गळती. इतकी वर्षं मी हे दोन्ही उलट्या क्रमानं लक्षात ठेवलं होतं: माल खोटा, म्हणून गळलं, म्हणून तपासलं. परीक्षेत एखाद्या मुलानं सनावळी अशी फिरवली असती तर मी लाल शाईनं गोल केला असता. तपासण्यासाठी उघडलं म्हणून गळायला लागलं होतं, आणि ते गळणं पुराव्यात जमा झालं.

तरी माझा एक आधार शिल्लक होता. बेअरिंग. पुलरचे तीन पाय हबला लागले, स्क्रू फिरत गेला, आणि एका दणक्यानं हब सुटला. त्यातून त्यांनी आधी तडकलेलं, कडक झालेलं ऑइल सील, तेल अडवणारं रबर, काढलं, मग बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. सुताच्या वेस्टनं, मागावरच्या टाकाऊ गुंत्यानं, पुसायला लागले तसा मी हात पुढं केला. आधी मला. त्यांनी दिलं. बाहेरच्या अंगाला एकही अक्षर नव्हतं. अगदी अप्पा म्हणाले होते तसं, कोरं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं.

"उलटं करा की," राजय्यामामा म्हणाले.

उलटं केलं. अंगठ्यानं तेल पुसलं. अक्षरं होती.

पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? की वेस्टच्या आड त्यांनी अदलाबदल केली. पंचवीस वर्षं जपून ठेवलेलं बेअरिंग आज पिशवीतून आणलं आणि हातचलाखीनं माझ्या हातात दिलं. मी पिशवीकडे बघितलंसुद्धा. ती दहा हात लांब, फाटकाजवळ टांगलेली होती.

"अक्षरं आत का?" मी विचारलं. आवाज माझा वर्गातला होता.

"मीच फिरवली की. सगळे बाहेर ठेवतात, पुढच्याला वाचता यावं म्हणून. पण तवा इंग्लिश बेअरिंगवर लई जणांचा डोळा हुता. कुटं पंक्चर काढायला गाडी लावली तरी ड्रम उघडून बघायचे. अक्षर दिसलं की बदललंच. म्हटलं, आप्पांनी एवढ्या हौसेनं मागवलंय. चोराला वाचताच येऊ नये. म्हणून आत."

ते उठून डाव्या चाकाकडे गेले. डावं चाक पंचवीस वर्षांत कुणीही उघडलं नव्हतं. त्याच्याखाली कधी डाग पडलाच नव्हता. पण कोरड्या जागेकडे मी कशाला बघितलं असतं? नटाला पाना लावून ते उजवीकडे फिरवायला लागले तशी मी ओरडले, "अहो, उलटं फिरवताय!" ते न थांबता म्हणाले, "ह्या बाजूचा उलटाच असतो की." आतून निघालं ते पातळ, तपकिरी कागदाचं पॅकिंग, सुताच्या बंडलांवर येतो त्या कागदाचं, तेल पाजून कात्रीनं नीट गोल कापलेलं. मागवाल्याच्या हातचं. ब्रेक कोरडे. आणि बेअरिंग, अक्षरं आत वळवलेली. या वेळी मी पापणी लववली नव्हती. शंका घ्यायला कुठं फटच राहिली नाही.

दुपारी मी ताक आणि कडक भाकरी, शेंगाचटणी दिली. ते पोर्चच्या पायरीवर बसले होते. मी खुर्ची सोडून खाली बसले.

"मग तेव्हा पिशवीत काय गुंडाळून ठेवलं होतं तुम्ही?" मी विचारलं. पंचवीस वर्षं उशिरा, पण विचारलं.

"जुनी. तुमच्याच गाडीची, गेलेली. मी आजबी तसंच करतो. काम करून मेलेला भाग भंगारात टाकत न्हाय. खंडेनवमीपर्यंत ठेवायचा, हत्यारांसंगट पुजायचा, मग सोडायचा. आमच्यात मागाचा तुटका धोटासुद्धा पुजतात, अक्का. त्या वर्सी बी पुजली. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आलो तवा सांगायचं हुतं आप्पांना. ते घरी नव्हते."

घरी होते. पडद्यामागे मीही होते.

"तुम्ही कधी येऊन विचारलं नाहीत," मी म्हटलं. "लोक काय बोलतात ते कानावर आलं असेल."

"आलं की. लई आलं. त्या पाचही जणांनी बोलवायचं बंद केलं. मी परत मागावर गेलो. पुलर टांगला भिंतीला." त्यांनी चटणीची बोटं चाटली. "पण चोराला जाऊन 'मी चोर न्हाय' म्हणायची सोय नसती. आप्पांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं न्हाय."

सांगायचं होतं ते आता माझ्या तोंडाशी आलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटते आहे. शेकडो मुलांना मी उभं करून विचारलं होतं, खरं सांग. उभं राहून खरं सांगायला किती बळ लागतं, ते मला त्या पायरीवर बसल्या बसल्या कळलं.

"ते अप्पांना मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "पिशवीचं. आणि तुम्ही चोरासारखं इकडेतिकडे बघितलंत, असंही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "ठाऊक हाय की. तुमच्याबिगर हितं हुतं कोण? अव्वा कुरडया गोळा करालत्या. तुमी कठड्यावरून वाकला हुता. धुळीनं केस सगळे पांढरे झालेले. मी वर बघून हसलो. तुमी हसला न्हाईत."

म्हणजे ते वाक्य मी रचलं नव्हतं. त्यांनी बघितलं होतं. इकडेतिकडे नव्हे, माझ्याकडे. धुळीनं माखलेली एक ओळखीची पोर बघून एक माणूस हसला होता, आणि मी खाली उतरून त्याची नजर चोरटी होती म्हणून साक्ष दिली. खोटं बोलले असते तर निदान खोटं बोलले एवढंच झालं असतं. मी खरं पाहिलं होतं आणि तरी चुकीचं सांगितलं होतं. याला कुठल्या पेपरात किती गुण कापायचे, मला माहीत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं अजून संपलेलं नाही.

"राजय्यामामा, चुकलं माझं," मी म्हटलं. ते ताक संपवून, भांडं उपडं घालून, कामाला लागले.

सील बसवण्याआधी त्यांनी ते मला दाखवलं. रबराचं कडं, आत बारीक ओठ, दांड्याला जेमतेम टेकणारा. "ह्यानं दांड्याला नुसतं टेकायचं असतं," ते म्हणाले. "लई घट्ट बसलं तर दांडाच खातं." मी मान हलवली. मग त्यांनी आणलेली नवी बेअरिंग हातात घेतली. इंग्लिश नव्हेत, साधी बाजारातली. पहिलं हबच्या तोंडाशी धरून ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

"अक्षरं कुटं ठेवू? आत का बाहेर?"

"बाहेर," मी म्हटलं. "कुणाला वाचायची ती वाचू दे."

उन्हं कलली तेव्हा काम संपलं होतं. पॅकिंग पातळ कागदाचं, गाडी चार चाकांवर, पुसलेली. मी त्या पुण्याच्या गृहस्थांना फोन केला, राजय्यामामांसमोरच. म्हटलं, गाडी विकायची नाही, आणि चोरीचं मी बोलले ते खोटं होतं, बेअरिंग कुणीही चोरली नव्हती. ते गृहस्थ गोंधळून बरं बरं म्हणाले. बाकीच्या पाच घरांपैकी आता दोनच उरली आहेत. तिथं चहाला मीच जाऊन आले, पण ते नंतर.

त्या संध्याकाळी राजय्यामामा हात धुवायला गेले तेव्हा मी अप्पांचा एक धुतलेला पंचा आणला. दोन्ही इंग्लिश बेअरिंग त्यात ठेवली, चारी टोकं गुंडाळून गाठ मारली. फाटकाजवळची पिशवी आणून त्यात ठेवली, डब्याच्या शेजारी. समोरच्या घरची बाई झाडांना पाणी घालायचं थांबून बघत होती. मी पिशवीचं तोंड मुद्दाम उघडंच ठेवलं.

राजय्यामामा आले, पिशवी उचलली, वजन जाणवलं तसे थांबले. आत बघितलं. मग नकळत मान वर करून गच्चीच्या कठड्याकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मी खालीच होते, त्यांच्या शेजारी. हसायचं होतं, पण मला ते जमलं नाही. मी पिशवीचा एक बंद धरला, दुसरा त्यांच्या हातात राहिला, आणि आम्ही दोघं ती धरून फाटकातून बाहेर, रिक्षाच्या थांब्यापर्यंत चालत गेलो.